सोलापूरच्या उन्हात मुरवायचा जपानी माशांचा सॉस

मासे आणि मीठ एवढ्यावरच मुरणाऱ्या सॉसला जपानीत ‘ग्योशो’ म्हणतात. नावाजलेले प्रकार तीन: उत्तर जपानमधल्या अकिता प्रांताचा हाताहाता माशाचा शोत्सुरु, नोतो द्वीपकल्पातला इशिरु किंवा इशिरी, आणि कागावा प्रांताचा, इकानागो या लहान माशाचा इकानागो शोयु. इशिरी बहुधा माकुलाच्या (स्क्विडच्या) आतड्यांपासून करतात, इशिरु तारली-बांगड्यापासून. हाताहाता इतका घटला होता की अकितात १९९२ ते १९९५ अशी तीन वर्षं तो धरायलाच बंदी होती.

हाताहाता आपल्याकडे मिळत नाही. मांदेली किंवा लहान तारली चालते. सोलापूरला समुद्राचा मासा बर्फातूनच येतो, आणि खरा धोका तिथेच असतो. बर्फ वितळून मासा कोमट झाला की त्यात हिस्टामीन तयार होतं. ते उकळूनही जात नाही, मीठही त्याला काढत नाही, आणि खाल्ल्यावर तोंड लाल होणं, पुरळ, डोकेदुखी सुरू होते. म्हणून बर्फात गच्च, ताठ, लाल कल्ल्यांचा मासा मिळाला तरच घ्या. नाहीतर तयार बाटली आणा, त्यात कमीपणा नाही. घरी करायचा तर बरणी डिसेंबर-जानेवारीत भरणं सगळ्यात बरं.

१ किलो मासा आतड्यांसकट घ्या. प्रथिनं फोडणारी पाचकं तिथेच असतात, साफ केलेला मासा फार हळू मुरतो. साध्या पाण्यात भिजवू नका, मिठाच्या गार पाण्यातून चटकन काढून निथळा. ३०० ग्रॅम खडे मीठ वजनकाट्यावर मोजा. वाटीचा अंदाज इथे चालत नाही, कारण खडे मिठाची वाटी बारीक मिठापेक्षा हलकी भरते. मासा-मीठ कालवून काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा, वर मिठाचा थर द्या आणि उकळून वाळवलेला जड दगड ठेवा. ॲल्युमिनियम, लोखंड नको.

तीन-चार दिवसांत पाणी सुटतं. मासा त्यात बुडाला पाहिजे. न बुडाल्यास १०० मिली पाण्यात ३० ग्रॅम मीठ उकळून, गार करून ओता. वर तरंगणाऱ्या तुकड्यावर माशी बसली की अळ्या ठरलेल्या, म्हणून तोंडाला जाड फडकं घट्ट बांधा आणि त्यावर झाकण सैल ठेवा. पहिला महिना आठवड्यातून एकदा कोरड्या लाकडी पळीने ढवळा, पुढे पंधरवड्याने.

मीठ लागण्याआधी जो उकाडा घातक, तोच नंतर कामाचा. एप्रिल-मेच्या चाळीशीपारच्या गरमीत पाचकं जोरात चालतात, म्हणून बरणी गच्चीवर सावलीत ठेवली तरी चालते. आठ-दहा महिन्यांत रस लालसर तपकिरी होतो. वास उग्र, खारट, सुक्या मासळीच्या जवळचा असावा. सडक्या अंड्याचा आला तर मीठ कमी पडलंय, सगळं फेका, चव घेऊन बघू नका.

मलमलच्या दुहेरी फडक्यातून रात्रभर गाळा. पिळलंत तर रस गढूळ होतो. गाळलेला रस उकळी येईपर्यंत तापवून पाच मिनिटं मंद ठेवा, फेस काढा, पुन्हा गाळून बाटलीत भरा. हे काम उघड्यावर करा, वास दोन दिवस घरात राहतो (श्रावणात तर मुळीच नको).

वापरताना साधारण १ चमचा सॉस म्हणजे पाव चमचा मीठ, तेवढं मीठ पदार्थातून वजा करा. शोत्सुरु नाबेसाठी (नाबे म्हणजे भांड्यात शिजवत खायचा जपानी रस्सा) १ लिटर पाण्यात कोंबूचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, तुकडा घालून रस्सा करा, उकळी येण्याआधी तो काढा आणि २ मोठे चमचे सॉस घाला. मग मासा, टोफू, चायनीज कोबी, कांद्याची पात. नोतोत शिंपल्याच्या कवचात इशिरी घालून माकुल आणि वांगं शिजवतात. वांग्याशी हा सॉस खरंच जमतो: दाण्याचं कूट घातलेल्या वांग्याच्या रश्श्यात शेवटी अर्धा चमचा टाकून बघा. फोडणीच्या तेलात मात्र घालू नका, कडवट वास सुटतो. जेवणाऱ्यांत शाकाहारी किंवा मासळीची ॲलर्जी असलेलं कुणी असेल, तर आधी सांगा, कारण रश्श्यात तो दिसत नाही.