गिरणगावातले जुने कागद जपताना

लालबाग-परळच्या चाळींतून अजूनही गिरणीची हजेरीकार्डं, पगारचिठ्ठ्या, खानावळीच्या वह्या, गावमंडळाचे फोटो निघतात. वस्तीतल्या संग्रहालयासाठी ते घेत असाल तर देणारा समोर असतानाच लिहून घ्या: कागद कोणाचा, गिरणी कोणती, खातं कोणतं. फोटोतली नावं डावीकडून उजवीकडे, ओळीओळीने विचारा. १९८२च्या संपात जे तिशीत होते त्यांनी आता सत्तरी ओलांडली आहे, तेव्हा हे काम पुढच्या भेटीवर टाकू नका. दानपत्रावर सहीही तेव्हाच घ्या. नाहीतर काही वर्षांनी घरातलंच दुसरं कोणी वस्तू परत मागायला येतं.

क्रमांक असा द्या: २०२६.४.१७, म्हणजे वर्ष, त्या वर्षातलं कितवं दान, त्यातली कितवी वस्तू. तो मागच्या बाजूला कोपऱ्यात, २बी पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. गुळगुळीत फोटोवर पेन्सिल उठत नाही. तिथे क्रमांक पाकिटावर घाला, पण फोटो आत सरकवण्याआधी.

नवं सामान दोन-तीन आठवडे वेगळ्या खोक्यात ठेवा. एका वहीतली कसर सगळं कपाट खाते. लॅमिनेशन आणि सेलोटेप यांना मात्र ठाम नकार द्या. टेपचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो आणि लॅमिनेशन सोडवताना कागदच फाटतो.

मुंबईत सगळ्यात जास्त नुकसान करतो तो पावसाळा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते, आणि जुलैत ती बहुतेक दिवस ८०च्या वर असते. म्हणून आर्द्रतामापक लावा आणि रोजचा आकडा लिहा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे, जमिनीपासून चार इंच वर हवं. कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आतली ओल आतच कोंडते. जुनी दफ्तरं सुती रुमालात बांधत, तेच बरोबर होतं. दिवसा एसी आणि रात्री बंद, यापेक्षा चोवीस तास पंखा बरा.

पाणी शिरलंच तर ४८ तासांत कागद सुकायला हवेत. टीपकागदावर सुटे पसरा. पंखा लावा, पण झोत थेट नको. चिकटलेले फोटो ओढू नका. ढीग मोठा असेल तर छोटे गठ्ठे पिशव्यांत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि सवडीने एकेक काढून सुकवा. काचेच्या निगेटिव्ह मात्र कधीही गोठवू नका.