हार्ड डिस्कची जागा चुकीची दिसतेय? हात लावण्याआधीची तयारी

हार्ड डिस्क कॉम्प्युटरला जोडण्याआधी उलटी करा आणि मागचं लेबल वाचा. त्यावर छापलेली क्षमता कागदावर लिहून घ्या आणि लेबलचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वॉरंटीसाठी सीरियल नंबर लागतो, तो त्या फोटोत येतो. मात्र हा फोटो मदत मागताना कुठल्या ग्रुपवर टाकू नका. मग डिस्क जोडा आणि विंडोज जो आकडा दाखवतं तो त्याच कागदावर शेजारी लिहा. ‘कमी दिसतंय’ एवढं पुरत नाही. नेमकं किती दिसतंय यावरच पुढचं सगळं ठरतं.

बऱ्याच जणांचं काम इथेच संपेल. डिस्क बनवणाऱ्या कंपन्या १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट धरतात, हजाराच्या पटीत. विंडोज मात्र १०२४च्या पटीत मोजतं आणि तरी त्याला जीबी, टीबीच म्हणतं. म्हणून १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते, ५०० जीबीची ४६५, २ टीबीची १८६३ आणि ४ टीबीची ३७२६ च्या आसपास. विंडोज ते पुन्हा टीबीत दाखवतं तेव्हा ४ टीबीचे ३.६३ होतात. यात काही बिघडलेलं नाही आणि काही हरवलेलंही नाही. १०२४च्या मोजणीसाठी १९९८मध्ये किबीबाइट, गिबीबाइट अशी वेगळी नावं ठरवली गेली, पण आपल्या रोजच्या पडद्यावर ती क्वचितच दिसतात. मॅकने २००९च्या स्नो लेपर्डपासून हजाराची मोजणी घेतली, त्यामुळे तीच डिस्क मॅकवर १ टीबी आणि विंडोजवर ९३१ जीबी दिसते. तेव्हा आधी लेबलवरच्या आकड्याला ०.९३१ने गुणा. टीबीचा आकडा असेल तर उत्तर हजार जीबीत येतं, म्हणजे ४ टीबीला ३.७२४ आलं तर ते ३७२४ जीबी. ते पडद्यावरच्या आकड्याशी जुळलं तर डिस्क बंद करून खुशाल चहा घ्या. ती ‘दुरुस्त’ करायला गेलात तर नसलेला बिघाड तयार होईल.

जुळलं नाही तर तिसरा आकडा शोधायचा. ‘धिस पीसी’मध्ये दिसतो तो एका कप्प्याचा, म्हणजे पार्टिशनचा आकार. पूर्ण डिस्कचा आकार बघायला स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. खालच्या भागात प्रत्येक डिस्कची आडवी पट्टी दिसते, डावीकडे एकूण आकार आणि उजवीकडे कप्पे. या पडद्याचाही फोटो काढा. इथे फक्त बघायचं आहे. ‘इनिशियलाइज करा’ किंवा ‘फॉरमॅट करा’ अशी खिडकी वर आली तर ‘कॅन्सल’ दाबा, कितीही वेळा आली तरी.

ही एक गोष्ट मी इतकी ठासून सांगतो, त्याला कारण आहे. आत्या जात्यावर बसून ओव्या म्हणायची. दोन सुट्ट्यांमध्ये मी तिच्या सगळ्या ओव्या रेकॉर्ड करून घेतल्या आणि एका डिस्कवर ठेवल्या. एकदा कॉपी चालू असताना कुणीतरी केबल ओढली. नंतर डिस्क जोडली तर वापरलेली जागा शून्य बाइट, मोकळी जागाही शून्य बाइट. मी ती दुकानात नेली. तिथे विंडोजने विचारलं, फॉरमॅट करायची का, आणि त्या मुलाने ‘हो’ दाबलं. डिस्क पूर्ण क्षमतेने दिसू लागली. ‘झाली दुरुस्त’ म्हणून मी आनंदाने घरी आणली आणि त्याच रात्री तिच्यावर लग्नाचे व्हिडिओ भरले. शून्य बाइट दिसणं म्हणजे फाइली गेल्या असं नसतं. फाइली कुठे आहेत ते सांगणारी नोंद खराब झालेली असते, फाइली बहुतेकदा जागेवर असतात. पटकन केलेल्या फॉरमॅटनंतरही त्यातल्या बऱ्याच मिळाल्या असत्या. माझ्या ओव्या खऱ्या अर्थाने गेल्या त्या वरून भरलेल्या व्हिडिओंमुळे. फोटोरेक नावाच्या मोफत प्रोग्रामने निम्म्याच्या आसपास परत मिळाल्या, फाइलींची मूळ नावं नसलेल्या. कुठली ओवी कुठल्या दिवशीची, हे आता सांगता येत नाही. आत्याही राहिली नाही.

म्हणून तयारीतली सर्वात मोठी वस्तू म्हणजे दुसरी डिस्क. आजारी डिस्कवर जेवढा डेटा आहे त्याहून मोठी, रिकामी, आणि स्वतः तपासलेली. ती नसेल तर मागून आणा, विकत घ्या, पण ती हातात येईपर्यंत थांबा. कॉपीला किती वेळ लागेल याचा हिशोबही आधी करा. जुन्या यूएसबी २ पोर्टमधून सेकंदाला साधारण ३० एमबी जातात, म्हणजे १ टीबीला नऊ तासांहून जास्त. निळ्या यूएसबी ३ पोर्टमधून १०० एमबीचा वेग धरला तर पावणेतीन तास, आणि छोट्या छोट्या फाइली लाखभर असतील तर त्याहून बरेच जास्त. हे काम रविवारी सकाळी सुरू करावं. लॅपटॉप चार्जरला लावा, त्याची झोपण्याची सेटिंग बंद करा. स्वतंत्र अडॅप्टर असलेली मोठी डिस्क इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर हवी. मध्येच वीज गेली तर लॅपटॉप चालू राहील आणि डिस्क बंद पडेल, माझ्या ओव्यांसारखंच. कॉपी झाली की दोन्हीकडचा फाइलींचा आकडा आणि एकूण आकार जुळवा. मग कॉपीतल्या दहा-पंधरा फाइली खरोखर उघडून बघा, एखादा व्हिडिओ मधूनच चालवा. फोल्डरचं नाव दिसलं म्हणजे फाइल आली असं मानू नका.

कॉपी सुरू करण्याआधी डिस्कची तब्येत मात्र बघायलाच हवी. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम आधीच उतरवून ठेवा. डिस्क स्वतःच्या आजाराच्या नोंदी ठेवत असते, त्या तो वाचून दाखवतो. ०५ आणि सी५ या दोन ओळी बघा. बाद करून बदललेल्या आणि वाचता न येणाऱ्या जागांची संख्या तिथे असते. रंग पिवळा किंवा लाल असेल, किंवा डिस्कमधून टक टक असा नेमाने आवाज येत असेल, तर विंडोजची चेकडिस्क ही दुरुस्ती चालवू नका. ती दुरुस्ती पडत्या डिस्ककडून आणखी काम करून घेते, आणि तिच्यात राहिलेला थोडासा दम डेटा बाहेर काढायला हवा असतो. लिनक्स येत असेल तर डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने आधी पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत घ्यावी, येत नसेल तर डिस्क बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यावी. एकूण आकार शून्य किंवा अगदीच विचित्र दिसणं हेही पुष्कळदा यातच येतं, कारण डिस्क स्वतःबद्दलची माहितीच वाचू शकत नसते. आणि घरी झाकण उघडू नका. धुळीच्या कणाने आतल्या तबकडीवर ओरखडा पडतो.

त्याआधी केबल आणि पोर्ट बदलून बघायला दोन मिनिटं लागतात, ती द्या. यूएसबी २चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३चं ९००. हबवर चार वस्तू लटकवलेल्या असतील तर डिस्कच्या वाट्याला पुरेसं येत नाही. थेट लॅपटॉपमध्ये, छोट्या केबलने जोडा. शक्य असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरही बघा.

आता कागदावरचे आकडे वाचूया, कारण ठरावीक आकडे ठरावीक कारण सांगतात. ३ किंवा ४ टीबीच्या डिस्कवर कप्पा २०४८ जीबीचा आणि उरलेला भाग काळ्या पट्टीत ‘अनअलोकेटेड’ दिसत असेल, तर डिस्कवर एमबीआर ही जुनी मांडणी आहे. त्या मांडणीत सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या सर्वात छोट्या तुकड्याचा, क्रमांक ३२ बिटांचा असतो आणि सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून २०४८ जीबीपुढचं तिला लिहिताच येत नाही. उपाय जीपीटी ही नवी मांडणी. पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये एमबीआरची जीपीटी करायची तर आधी सगळे कप्पे काढावे लागतात, म्हणजे आधी कॉपी हवीच. ३ टीबीची डिस्क एकूणच ७४६ जीबी दिसत असेल तर तो याच गणिताचा दुसरा चेहरा आहे: २७९४मधून २०४८ वजा केले की ७४६ उरतात. तिथे दोष डिस्कचा नसून डिस्क ज्यात बसवलेली असते त्या जुन्या डबीचा (एन्क्लोजरचा) किंवा जुन्या ड्रायव्हरचा असतो. नव्या डबीत तीच डिस्क पूर्ण दिसते.

कप्पा ३२ जीबीचा दिसत असेल तर आठवून बघा, त्या डिस्कवरून कुणी विंडोज इन्स्टॉल करायची तयारी केली होती का. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल मोठ्या डिस्कवरही ३२ जीबीचाच कप्पा करतं. लिनक्स इन्स्टॉल करण्यासाठी त्याची आयएसओ फाइल थेट पूर्ण डिस्कवर लिहिली असेल तर कप्पा काही जीबींचाच दिसतो. दोन्ही बाबतींत आधीचा डेटा मांडणीतून गेलेला असतो. तो हवा असेल तर त्या डिस्कवर एकही फाइल न लिहिता हरवलेले कप्पे शोधणारा टेस्टडिस्क किंवा फोटोरेक आधी चालवा. २०० एमबीचा ‘ईएफआय’ कप्पा आणि शेजारी बिननावाचा मोठा कप्पा दिसला तर डिस्क बहुधा मॅकवर फॉरमॅट केलेली आहे. डेटा शाबूत असतो, फक्त विंडोजला वाचता येत नाही. मॅक असलेला ओळखीचा माणूस शोधा. इथे कप्पा ‘डिलीट’ करण्याची घाई अनेकांना नडली आहे.

एक कारण फार कमी लोकांना माहीत असतं. डबी खराब झाली म्हणून आतली डिस्क काढून दुसऱ्या डबीत घातली आणि कप्पे एकदम गायब झाले किंवा भलत्याच आकाराचे दिसले, असं होतं. २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कच्या काही डब्या ५१२ऐवजी ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवतात, जेणेकरून विंडोज एक्सपीसारख्या जुन्या सिस्टिमलाही पूर्ण जागा वापरता यावी. डबी बदलली की मोजपट्टीच बदलते आणि आधीच्या नोंदींचा अर्थ लागत नाही. शिवाय काही डब्या डेटा स्वतः एन्क्रिप्ट करूनच लिहितात. म्हणून मूळ डबी, तिचा अडॅप्टर, तिची केबल यांतलं काहीही टाकू नका. डेटा बाहेर येईपर्यंत डिस्क तिच्याच डबीत राहू द्या.

एकूण आकार बरोबर, पण मोकळी जागा कमी, ही वेगळी तक्रार आहे आणि सोपी आहे. रिसायकल बिन, ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ या लपलेल्या फोल्डरमधल्या जुन्या प्रती, मॅकवर कचऱ्यात टाकून रिकामा न केलेला माल, एवढं तपासा. एक्सफॅट या फॉरमॅटवर छोट्या फाइली खूप असतील तर प्रत्येक फाइल किमान एक पूर्ण क्लस्टर, म्हणजे जागेचा एक ठरावीक तुकडा, अडवते, मोठ्या डिस्कवर तो बहुधा १२८ केबीचा असतो. हजारो छोट्या फाइलींची झिप केली की जागा सुटते.

आता उलटा प्रकार: डिस्क किमतीच्या मानाने फारच मोठी दिसते. खिशात मावणाऱ्या अडीच इंची यांत्रिक डिस्क बरीच वर्षं ५ टीबीपर्यंतच मिळायच्या, ६ टीबीच्या २०२४मध्ये आल्या. तेव्हा दोन-अडीच हजारांत १६ टीबीची डिस्क कुणी देत असेल तर आत बहुधा छोटं मेमरी कार्ड आहे आणि आकडा खोटा लिहिलेला आहे. अशा डिस्कवर सुरुवातीच्या फाइली नीट उतरतात, खरी जागा संपली की नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा हवेत विरतात, आणि पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसत राहतं. तपासायला विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू, लिनक्सवर आणि मॅकवर एफ-थ्री. दोन्ही प्रोग्राम डिस्क भरून पुन्हा वाचतात, म्हणून त्यावर काही हवं असलेलं असेल तर आधी काढून घ्या. खोटी निघाली तर तिला फॉरमॅटने जागा फुटणार नाही. बिल घेऊन पैसे परत मागा. मुलांचे फोटो असल्या डिस्कवर ठेवलेले बघितले की मला झोप लागत नाही.

कॉपी झाल्यावर, प्रत्यक्ष कप्पे बदलण्याच्या दिवशी बाकी सगळ्या बाहेरच्या डिस्क आणि पेन ड्राइव्ह काढून ठेवा, बॅकअपचीसुद्धा. डिस्कपार्ट या विंडोजच्या प्रोग्राममधली सगळे कप्पे पुसणारी ‘क्लीन’ आज्ञा एकदाही ‘नक्की ना?’ असं विचारत नाही, आणि डिस्क १ कुठली, डिस्क २ कुठली हा गोंधळ थकलेल्या माणसाचा होतोच. क्रमांकाशेजारचा आकार कागदावरच्या आकड्याशी जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका. बिटलॉकर हे विंडोजचं डिस्कचं कुलूप लावलेलं असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर हवी. नुसती शेजारची मोकळी जागा कप्प्याला जोडायची असेल तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ पुरतं, पण ते विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटला चालतं, एक्सफॅटला नाही, आणि मोकळी जागा लगेच उजवीकडे असावी लागते. बाकी सगळ्यांसाठी कप्पे काढा, जीपीटी करा, नवा कप्पा घ्या. मॅक आणि विंडोज दोन्हीकडे डिस्क फिरणार असेल तर एक्सफॅट, फक्त विंडोजवर राहणार असेल तर एनटीएफएस.

डेटा परत भरून झाला की डिस्कवर एक चिकटपट्टी लावा आणि न पुसल्या जाणाऱ्या पेनाने लिहा, उदाहरणार्थ: ३७२६ जीबी दिसते, जीपीटी, एनटीएफएस, आणि आजची तारीख. घरातल्या दुसऱ्या कुणी ती जोडली तर आकडा बघून घाबरून दुकानात नेणार नाही.