भिंतीतलं सातेरीचं मोहोळ पेटीत कसं न्यायचं

आमच्या शिरपूर-चोपडा पट्ट्यात जुनी धाब्याची घरं पाडून स्लॅब टाकायची घाई चालू आहे. भिंत फोडली की पोकळीत सातेरी माश्या सापडतात आणि कोणीतरी रॉकेल घेऊन धावतं. मला बोलावलं तरी पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, मध कितला निंघी?" मधाचं शेवटी बघू. आधी राणी आणि पिल्लं.

माशी ओळखा. अंधाऱ्या पोकळीत शेजारी शेजारी अनेक पोळी असतील तर ती सातेरी. पिंपळावर, पुलाखाली किंवा पाण्याच्या टाकीला एकच मोठं पोळं उघड्यावर लटकत असेल तर ती आग्या. ती पेटीत राहत नाही, हंगाम सरला की आपणच उठून जाते. तिच्या वाटेला जाऊ नका. यावल अभयारण्यातल्या झाडांनाही हात लावायचा नाही.

वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीची. कपाशीवरची फवारणी ओसरलेली असते, कांदा बियाण्याचे गोंडे पुढे फुलणार असतात. एप्रिल-मेच्या उन्हात मेण मऊ पडून पोळी कोसळतात. हिवाळ्यातही सकाळी उघडू नका: पिल्लांना ३४-३५ अंशांची ऊब लागते आणि आपल्याकडची थंडी काही कमी नाही. दुपारी चारच्या सुमारास सुरुवात करा.

पेटी सातेरीचीच घ्या, मेलिफेराची (परदेशातून आणलेल्या पाळीव माशीची) मोठी नको. जाळीचा टोप, धुराडं, धारदार सुरी, राणीदार (कामकरी माश्यांना जाऊ देणारी, पण राणीला अडवणारी दाराची पट्टी) आणि केळीच्या सोपटाच्या भिजवलेल्या दोऱ्या जवळ ठेवा. आपल्याकडे सोपटाला काय तोटा! नायलॉन वापरू नका. सोपट माश्या स्वतः कुरतडून बाहेर टाकतात. काळे, लोकरीचे कपडे आणि अत्तर टाळा. डंख नखाने खरवडून काढा. कुणाला दम लागला, तोंड सुजलं तर थेट दवाखाना.

धूर थोडाच द्या. एकेक पोळं कापून माश्या हलकेच झटका. पिल्लांचं पोळं पेटीतल्या लाकडी चौकटीच्या मापाने कापा आणि वरची बाजू वरच ठेवून, वरच्या पट्टीला टेकवून बांधा. उलटं बांधलं की सगळं बिघडतं. पेटीच्या मधोमध पिल्लांच्या चौकटी, कडेला मधाची एखादी. बाकीचा मध डब्यात ठेवून झाकण लावा. सांडला तर मुंग्या आणि दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात.

राणी लांबट, पोटाने मोठी. बहुधा ती पिल्लांच्या पोळ्यावर सापडते. दिसली की अलगद पेटीत सोडा आणि दाराला राणीदार लावा. दिसली नाही तरी घाबरू नका. पेटी जुन्या भोकाशी, दार तिकडे करून ठेवा. काही माश्या दारात शेपूट वर करून पंख मारू लागल्या आणि बाकीच्या आत चालत गेल्या, तर राणी बहुतेक आत आहे. राणी मेलीच, तर कामकरी माश्या कोवळ्या अळ्यांमधून नवी तयार करतात. म्हणून ताज्या अंड्यांचं पोळं टाकून द्यायचं नाही.

अंधार पडेपर्यंत थांबा. चारायला गेलेल्या परत आल्या की दार जाळीने बंद करून पेटी उचला. नवी जागा दोन-तीन किलोमीटरांच्या पलीकडची हवी, नाहीतर चारणाऱ्या माश्या जुन्या भिंतीकडेच परत जातात. सावली, जवळ पाणी, शेजारच्या शेतात फवारणी नाही, एवढं बघा. तिथे जाळी काढा, राणीदार राहू द्या. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा.

इकडे जुन्या पोकळीतलं मेण खरवडून ती सिमेंटने बुजवा, वासाने दुसरा थवा येतो.

पहिले काही दिवस संध्याकाळी साखर-पाणी समप्रमाणात द्या. सारखी पेटी उघडून बघायची हौस आवरा. सातेरी त्रासली की पेटी सोडून जाते. चार-पाच दिवसांनी दारात सोपटाचे तुकडे पडलेले दिसले आणि माश्या पायांवर पराग घेऊन येऊ लागल्या, की राणीदार काढून टाका.