जपानी गाडी घ्यायचीय? आधी चेसी नंबर वाचा

बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात बावीस वर्षं बोअरिंग मशीनवर (लोखंडी भागात मापाचं भोक पाडायचं मशीन) काढली, त्यामुळं गल्लीत कुणी गाडी घ्यायची ठरवली की सल्ल्याला माझ्या कट्ट्यावर. परवा शेजारचा पोरगा आला. "काका, जपानीच घ्यायलोय. आपल्या गाड्या म्हंजे पत्र्याचे डबे."

म्हटलं, शोरूमला फोन कर, त्या गाडीचा चेसी नंबर माग, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर. त्यात सतरा अक्षरं-आकडे असतात. सुरुवातीला 'जे' म्हणजे जपान, 'के' कोरिया, 'एल' चीन, 'डब्ल्यू' जर्मनी. 'एम'च्या पुढं ए ते ई किंवा झेड आलं, की आपला भारत. त्याच्या जपानी गाडीचा नंबर निघाला 'एमए'!

नावावर जाऊच नका. मारुतीची ग्रँड विटारा 2022 ला आली ती टोयोटाच्या बेंगळुरूजवळच्या बिडदीच्या कारखान्यात बनून. टोयोटाची ग्लँझा मारुती बनवून देते. एमजी हे नाव इंग्रजांचं, पैसा चिनी कंपनीचा आणि आता भारतातल्या जेएसडब्ल्यूचाही, गाडी गुजरातेत हालोलची. आणि होंडाची एलिव्हेट राजस्थानात बनते, ती 2024 पासून जपानात दुसऱ्या नावानं विकतात.

आणि इथं बनली म्हणून गाडी पत्र्याचा डबा होत नाही. आमच्याकडं परदेशी जाणारं हाऊसिंग (मशीनच्या भागाचं लोखंडी घर) आणि पुण्याला जाणारं हाऊसिंग, दोन्हीला माप तपासायचा गेज एकच लागायचा. भोक मापात बसलं नाही की माल भंगारात, गिऱ्हाईक कुठलंही असो.

अपघाताच्या चाचणीत गाडीला सुरक्षेचे मिळालेले स्टार बघताना मात्र देश बघा. परदेशातल्या त्याच नावाच्या गाडीला मिळालेले स्टार इथल्या गाडीला लागू धरू नका; एअरबॅग, वेल्डिंग वेगळं असू शकतं. ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही आपल्या देशातली अशी चाचणी सुरू आहे, त्यात तुमचं मॉडेल शोधा.

दुसरं म्हणजे पार्ट. हत्तरगीजवळ उसाच्या ट्रॉलीचं टोक लागून माझा हेडलाईट फुटला. कंपनीचं नाव सांगत नाही, पण दिवा यायला एक्केचाळीस दिवस लागले. तेवढे दिवस रात्री गाडी दारातच. म्हणून बुकिंगच्या आधी शोरूम सोडून वर्कशॉपच्या काउंटरवर जा. हेडलाईट, पुढची काच, क्लच प्लेट, तिन्हीचा दर आणि यायचे दिवस कागदावर लिहून घ्या. काउंटरवाला "सांगतो की नंतर" म्हणाला, की तिथंच चपला घाला. पूर्ण बाहेरून आयात केलेली गाडी असेल तर ही चौकशी दुप्पट करा.

गाडी बनल्याचा महिना फॉर्म 21 वर, म्हणजे डीलरच्या विक्रीच्या दाखल्यावर असतो. डिसेंबरातली गाडी जानेवारीत देत असतील तर सूट मागा.

पोरगं उठता उठता म्हणालं, "काका, कोल्हापुरात टॅक्स कमी पडतो म्हणे. चंदगडच्या मामाच्या पत्त्यावर एमएच 09 घेऊ काय?"

बस, म्हटलं, चहा ठेवायला सांगतो. तू राहणार टिळकवाडीत, गाडी फिरणार इथं. बारा महिन्यांच्या वर राहिली की बेळगावचा केए 22 नंबर करून घ्यावा लागतो आणि इथला टॅक्सही भरावा लागतो.