पीफाईव्हमध्ये पहिला गेम: आधी गोल हलवा, जावास्क्रिप्ट मागून येईल

वेबवर हलणारी चित्रं, माऊसला प्रतिसाद देणारे पॅटर्न, छोटे गेम असलं काही करायचंय म्हणून लोक आधी जावास्क्रिप्टचा, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडिंगच्या भाषेचा, भलामोठा कोर्स घेतात आणि अ‍ॅरे (डेटाच्या याद्या) वगैरेच्या आसपास गळतात. कोर्स राहू द्या, आधी पीफाईव्ह जेएस उघडा. जावास्क्रिप्टची फुकट लायब्ररी आहे, म्हणजे आयत्या कोडचा संच, लॉरेन ली मॅकार्थीने २०१३ मध्ये सुरू केली. त्याच्याही आधी, २००१ मध्ये, केसी रीस आणि बेन फ्राय यांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात प्रोसेसिंग नावाचं कोडिंगचं साधन काढलं होतं, चित्रकार-डिझायनर मंडळींनाही कोडिंग जमावं म्हणून, पीफाईव्ह म्हणजे तोच विचार ब्राउझरमध्ये आणलेला.

इन्स्टॉल काही करायचं नाही. पीफाईव्ह वेब एडिटर सर्च करा, डावीकडे कोड, उजवीकडे चित्र, वर प्लेचं बटण. मोबाईलवर पण उघडतं पण टाइप करताना वैताग येतो, लॅपटॉपच घ्या.

उघडलं की सेटअप आणि ड्रॉ ही दोन फंक्शनं, म्हणजे नाव दिलेले कोडचे तुकडे, आयती लिहिलेली दिसतात. सेटअप एकदाच चालतं, ड्रॉ मात्र सेकंदाला साधारण ६० वेळा, तुम्ही थांबवेपर्यंत. कॅनव्हास, म्हणजे चित्राची चौकट, ४०० बाय ४०० पिक्सेलचा, आणि शून्य-शून्य डाव्या वरच्या कोपऱ्यात, म्हणजे वाय खाली जाताना वाढतो, शाळेतल्या आलेखाच्या बरोब्बर उलट, हे डोक्यात पक्कं करा कारण पुढे गुरुत्वाकर्षणात लागणार आहे.

आता ड्रॉमध्ये बॅकग्राउंडच्या आयत्या ओळीखाली सर्कल लिहा, कंसात माऊसएक्स, माऊसवाय (माऊस आत्ता कुठे आहे ते), ५०. (टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं, आणि माऊसएक्समधला एक्स कॅपिटल, नाहीतर एरर.) प्ले दाबा, गोल माऊसमागे फिरतो. मग बॅकग्राउंडची ओळ उचलून सेटअपमध्ये टाका. आता जुने गोल पुसलेच जात नाहीत आणि माऊस फिरवाल तशी रेघ उमटत जाते, एक ओळ हलवली आणि ब्रश तयार. रंग फिलने बदला, आकार रँडमने बदला, इथे तासभर खेळा, घाई नाही.

पुढची पायरी मला सगळ्यात आवडते. गोल माऊसला चिकटून न राहता मागून अलगद यायला हवा असेल तर एक्स नावाचं स्वतःचं व्हेरिएबल (आकडा साठवायची नावाची जागा) करा, ड्रॉच्या बाहेर, आणि ड्रॉमध्ये दरवेळी माऊसएक्समधून एक्स वजा करून जे अंतर उरतं त्याचा ०.०५ पट भाग एक्समध्ये मिळवा. म्हणजे प्रत्येक फ्रेमला (ड्रॉच्या एका फेरीला) उरलेल्या अंतराच्या ५ टक्केच चालायचं, लांब असताना भराभर, जवळ आल्यावर हळू. वायचं पण तसंच. ०.०५ च्या जागी ०.२ टाकून बघा, स्वभावच बदलतो गोलाचा.

मग चेंडू. त्याला वेग नावाचं व्हेरिएबल द्या, दर फ्रेमला वेगात ०.२ मिळवा आणि वायमध्ये वेग मिळवा, झालं गुरुत्वाकर्षण. जमिनीला लागला की वेगाला उणे ०.८ ने गुणा, उसळतो. पण इथे हमखास एक गंमत होते, चेंडू उसळता उसळता जमिनीत रुततो आणि थरथरत बसतो किंवा खाली गायबच होतो. कारण असं की वेग उलटा झाला तरी तो कमी झालेला असतो, त्या एका फ्रेममध्ये चेंडू जमिनीच्या वर येऊ शकत नाही, मग पुढच्या फ्रेमला ‘जमिनीला लागला’ ही अट परत खरी ठरते आणि वेग परत उलटा होतो, म्हणजे खाली. उपाय एका ओळीचा, वेग उलटा करायच्या आधी चेंडूच्या वायला सरळ जमिनीचा वाय वजा चेंडूची त्रिज्या एवढं करून टाका.

गेम करायचा तर हाच चेंडू वरून रँडम जागी पाडा आणि माऊसचा गोल खाली टोपलीसारखा वापरा. पकडला की नाही हे डिस्ट (दोन बिंदूंमधलं अंतर मोजणारं फंक्शन) सांगतं, दोन केंद्रांमधलं अंतर दोघांच्या त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा कमी झालं की टक्कर, स्कोअर एकने वाढवा आणि चेंडू परत वर पाठवा. फक्त सर्कलमधला तिसरा आकडा व्यास असतो हां, त्रिज्या नाही, तिथे अर्धा करायला विसरलात तर चेंडू लांबूनच पकडला जातो आणि मित्र म्हणतात गेम चीटिंग करतो.

अडलात की कन्सोल डॉट लॉग, म्हणजे एडिटरमध्ये आकडे छापून दाखवणारी आज्ञा, वापरा, वेग किती, वाय किती छापून बघा, एआयला विचारायच्या आधी. त्याच्याकडून आख्खा गेम लिहून घ्याल पण चेंडू का रुतला ते कळणार नाही.

दाखवायचा असेल तर लॉगिन करून सेव्ह करा, शेअरची लिंक मिळते, ती व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. फोनवर बोटाला माऊसच धरलं जातं त्यामुळे गेम चालतो, पण बोट ओढताना पेज सरकत असेल तर टचमूव्ह्ड फंक्शन करून त्यातून फॉल्स रिटर्न करा. स्वस्त फोनवर चेंडू संथ पडतो कारण ६० फ्रेम होतच नाहीत, तेव्हा वेग डेल्टाटाइमच्या (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेच्या) हिशोबाने मोजायला लागेल. आणि आवाज टाकलात तर तो पहिल्या क्लिकनंतरच सुरू करा, त्याआधी ब्राउझर वाजूच देत नाही.