संरक्षणाच्या कामाची पुरवठासाखळी: बडोद्यातल्या मशीन शॉपसाठी आकडे आणि पायऱ्या

वाहनांच्या सुट्या भागांवर वाढलेला खरेदी विभाग संरक्षणाच्या कामात पहिल्यांदा अडकतो तो इथे: पुरवठादाराने हात वर केले म्हणून शेजारच्या गाळ्यातून तोच भाग करून घेता येत नाही. मशीन तसंच, ड्रॉइंग तेच, कारागीर कदाचित जास्त हुशार, पण मान्यता नाही. मशीनिंगला आठवडा पुरतो, मान्यतेला महिने जातात. हवाई दलासाठीच्या सी-२९५ या ५६ मालवाहू विमानांपैकी ४० बडोद्यात बनायची आहेत. मकरपुरा किंवा मंजुसरच्या औद्योगिक वसाहतीत बसून असल्या साखळीत शिरायचं असेल, तर अडचण येण्याआधीच मान्यता उरकून ठेवावी लागते.

सुरुवात भागांच्या यादीपासून करा. प्रत्येक भागापुढे चार रकाने हवेत: कच्च्या मालाचा ग्रेड, त्यावरच्या विशेष प्रक्रिया (हीट ट्रीटमेंट, ॲनोडायझिंग, कॅडमियम प्लेटिंग, एनडीटी म्हणजे भाग न तोडता केलेली तपासणी), त्या प्रक्रियेचे मान्यताप्राप्त किती जण आहेत, आणि गेल्या बारा ऑर्डरींना खरोखर किती आठवडे लागले. कोटेशनमधले आठवडे लिहू नका. माल आल्याच्या डिलिव्हरी चलनावरची तारीख बघा. तिसऱ्या रकान्यात १ आला की तो भाग लाल. मशीनिंगवाले तीन आणि तिघांचाही प्लेटिंगवाला एकच, असं हमखास निघतं. प्लेटिंगची टाकी बंद पडली की तिघंही एकाच दिवशी थांबतात.

आता राखीव साठा. इथे थोडं गणित करावंच लागतं, कारण अंदाजपंचे ठरवलेला साठा एक तर पैसा अडकवतो, नाही तर ऐन वेळी दगा देतो. समजा, एक ब्रॅकेट आठवड्याला सरासरी १२ नग लागतो आणि मागणीचं प्रमाण विचलन (सरासरीच्या वर-खाली होण्याचं माप) ४ नग आहे. माल यायला सरासरी ९ आठवडे लागतात, त्यात २ आठवड्यांचं विचलन. मग ९ × ४² म्हणजे १४४, अधिक १२² × २² म्हणजे ५७६. बेरीज ७२०, वर्गमूळ २६.८. शंभरातल्या ९५ वेळा माल पुरावा म्हणून १.६५ ने गुणा: ४५ नग राखीव. ९ आठवड्यांची सरासरी मागणी ९ × १२ म्हणजे १०८; हातातला साठा १०८ + ४५ = १५३ वर आला की नवी ऑर्डर टाका.

पुरवठादाराच्या मागे लागून ९ आठवड्यांचे ७ करून घेतलेत, तर राखीव साठा ४५ चा जेमतेम ४४ होतो. पण ९ आठवडे तसेच ठेवून विचलन २ वरून १ वर आणलंत, तर तो २८ वर येतो. म्हणजे घाई करून राखीव साठ्यात फारसं काही हाती लागत नाही. तारीख पक्की झाली की लागतं. हे दिवस मशीनवर क्वचितच हलतात. लॅबचा रिपोर्ट, तपासणीसाची तारीख, प्लेटिंगची बॅच भरेपर्यंतचं थांबणं, यांत ते जातात. तपासणीसाची तारीख शेवटचं ऑपरेशन लागतानाच मागून ठेवा.

साठा कोणत्या अवस्थेत ठेवायचा, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा. ७०७५ ॲल्युमिनियमची टी७३५१ प्लेट दहा वेगवेगळ्या ब्रॅकेटना चालते; तयार ब्रॅकेट एकालाच, आणि ड्रॉइंगचं रिव्हिजन बदललं की तोही भंगार. म्हणून जास्त साठा प्लेट-बारमध्ये ठेवा, थोडा रफ मशीनिंग केलेला, आणि तयार मात्र अगदी मोजका. पण मग हीट नंबर, म्हणजे माल कोणत्या वितळणीचा ते सांगणारा क्रमांक, जपावा लागतो. बारवर नंबर सहसा एका टोकाला असतो, म्हणून कापायला नेहमी दुसऱ्या टोकाकडून घ्या, आणि करवत लावण्याआधी कापायच्या तुकड्यावर नंबर पंच करा. नंबर गेलेला टायटॅनियमचा हातभर तुकडा सोन्याच्या भावाचा असला, तरी या कामासाठी रद्दी. सीलंट आणि प्रायमर मात्र असे साठवू नका. त्यांची मुदत संपते. डब्याचं झाकण उघडण्याआधी तारीख बघायची सवय लावा.

दुसरा पुरवठादार उभा करताना पहिल्या नगाची पूर्ण तपासणी एएस ९१०२ या विमान उद्योगाच्या मानकाच्या पद्धतीने करून घ्या. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला फुग्यात क्रमांक, आणि त्या क्रमांकासमोर प्रत्यक्ष माप. हे झालं की फाइल कपाटात ठेवून लोक निर्धास्त होतात, आणि चूक तिथेच होते. उत्पादन दोन वर्षं बंद राहिलं तर ही तपासणी पुन्हा करावी लागते. जागा, प्रक्रिया किंवा मालाचा स्रोत बदलला, तर निदान त्यापुरती तरी लागतेच. म्हणून दुसऱ्याला दर वर्षी १५-२० टक्के काम द्या, भाव थोडा चढा असला तरी. आणि दोघंही विश्वामित्री नदीच्या एकाच सखल पट्ट्यात नकोत. ऑगस्ट २०२४ च्या पुरात शहराचा मोठा भाग पाण्यात होता.

प्लेटिंगबाबत एक बारीक गोष्ट. जास्त कठीण पोलादाच्या भागांना कॅडमियम चढवल्यावर, बहुतेक स्पेसिफिकेशननुसार, ४ तासांच्या आत सुमारे १९० अंश सेल्सियसवर बेकिंगला लावावं लागतं. नाही तर धातूत शिरलेला हायड्रोजन बाहेर पडत नाही आणि भार आल्यावर, कधी काही दिवसांनी, भाग अचानक तडकतो. प्लेटिंग एका गावात आणि भट्टी दुसऱ्या गावात असेल, तर टेम्पो हायवेवर अडकला की पूर्ण लॉट वाया. प्लेटिंगवाला निवडताना टाकीइतकीच भट्टी बघा, आणि बेकिंगच्या चार्टवर टाकीतून बाहेर काढल्याची वेळ लिहून घ्या.

शेवटी बिलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आल्यापासून, मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाते त्याच वर्षीच्या खर्चात धरता येते. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार सोपा आहे: तातडीचा लॉट आला की भट्टीवाला आधी त्याचाच माल लावतो, ज्याचं मागचं बिल चुकतं झालेलं असतं.