शेवंती मेलेली नाही, कुंडी रिकामी करू नका

बहर सरला की शेवंतीची कुंडी बघवत नाही. खाली करपलेली पानं, वर तपकिरी बोंडं. माझी पहिली तीन झाडं मी याच अवस्थेत उपटून टाकली. तिसऱ्याच्या बुडाशी बोटभर हिरवे कोंब दिसले तेव्हा फार हळहळले. आता आधी बुंध्याजवळची माती उकरून बघते.

कोंब दिसले की जुने दांडे मातीपासून १० सेंटिमीटरवर छाटा. कोंबांना सहा-सात पानं आली की कुंडी आडवी करून गड्डा बाहेर काढा आणि माती झटका. मधला जुना बुंधा लाकडासारखा कडक लागेल, भोवती पांढऱ्या मुळ्या धरलेले मुनवे, म्हणजे बुडातून फुटलेले तेच कोंब, असतील. एकेक मुनवा मुळांसकट सुरीनं सोडवा आणि वेगळ्या कुंडीत लावा. मधल्या बुंध्याचा मोह नको, त्याला फुलं बारकीच येतात. नवी रोपं आठवडाभर सावलीत ठेवा. वीतभर वाढली की शेंडा खुडा, पुढे फांद्यांचेही खुडा. झाड डेरेदार होतं. रात्री मोठ्या होऊ लागल्या की खुडणं थांबवा, कारण शेवंती लांब रात्रींवरच कळी धरते. माझी एक कुंडी जिन्यातल्या दिव्याखाली होती. तो रात्रभर जळायचा, आणि तिला नुसती पानंच येत राहिली!

कर्दळीचं सोपं आहे. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो जमिनीलगत कापा. थंड मुलखात कंद खणून घरात ठेवतात. उबदार हवेत ती उठाठेव कशाला? दाटी झाली तरच कंद फोडा, मात्र प्रत्येक तुकड्याला एक-दोन डोळे हवेत.

जरबेऱ्याची सुकी पानं तेवढी काढा. नव्याने लावताना पानं फुटतात तो गाभा मातीच्या वर राहू द्या, गाडला की कुजतो.

छाटल्यावर सगळे हमखास चुकतात ते पाण्यात. पानं कमी म्हणजे झाडाची तहानही कमी, आणि आपण मात्र कीव येऊन रोज तांब्या ओततो. बोटाचं दुसरं पेर मातीत बुडेपर्यंत खुपसा. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. खतही नवी पालवी दिसल्यावरच. वर दोन-तीन बोटं जाडीचा पालापाचोळा पसरा, पण खोडाला चिकटवू नका, नाहीतर तिथे ओल धरून साल सडते.